गेघामच्या नावाचा नळ

येरेवानच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी
एक दगडी पाणपोई आहे, कमरेइतकी उंच.
तोटी नाही, चावी नाही. मधल्या वाटीतून
पाणी आपलं आपण वर उसळतं, बोटभर,
रात्रंदिवस. पुलपुलाक म्हणतात तिला,
पाणी जसं बोलतं तसंच.

दगडावर माझ्या नवऱ्याचं नाव आहे.
शेवटचं अक्षर किंचित तिरकं. कारागीर म्हणाला,
दगडात शीर होती. मी म्हटलं, असू दे,
तोही कुठे सरळ होता.

तिथून सात पावलांवर माझी टपरी.
सूर्यफुलाच्या बिया, सिगारेटी, काड्यापेट्या,
आणि फ्रिजभर पाण्याच्या बाटल्या.
उन्हाळ्यात विजेचं बिल त्याच भरतात.

पर्यटक येतात, घामाघूम, टोप्यांखाली लाल.
एकदा नळाकडे बघतात, एकदा माझ्याकडे.
"हे पिण्यासारखं आहे का?"
आता तुम्हीच सांगा, मी काय सांगू.
हो म्हटलं तर दोनशे द्राम गेले.
नाही म्हटलं तर गेघाम गेला,
पुन्हा एकदा.
एरवी मी खरं बोलते.
भाडं भरायच्या आठवड्यात
मला इंग्रजी येत नाही.

पण खरी गंमत वेगळीच.
एकतीस वर्षं तो पाणीखात्यात होता,
पाने, वायसर, गुडघ्यापर्यंत चिखल,
आणि घरी नळाचं पाणी ओठाला लावायचा नाही.
"अरुस्याक, मी ते पाइप आतून पाहिलेत,"
सुनेच्या माहेराबद्दल सासूने बोलावं
तशा आवाजात म्हणायचा.
मग बाटल्यांची पेटी खांद्यावर, चौथा मजला,
लिफ्ट बंद असली तरी.
मी मुद्दाम त्याच्यासमोर नळाखाली ओंजळ धरायची.
तो तोंड फिरवायचा.
एवढं एकच भांडण आम्हाला जन्मभर पुरलं.

तो गेला तेव्हा मार्सेयहून मुलाने पैसे पाठवले.
"बाबांच्या नावाने पुलपुलाक बांध."
फोनवर मला हसू फुटलं.
वाराझला वाटलं, आई रडतेय.
समजावत बसले नाही.

गेल्या जुलैत वरच्या चौकात पाइप फुटला.
अडीच दिवस वाटी कोरडी.
एक कबूतर आलं, दगडावर चोच आपटून गेलं.
दुपारपर्यंत माझा फ्रिज रिकामा.
समोरच्या वोस्कानने दोन पेट्या आणून दिल्या,
त्याही संपल्या. एवढा गल्ला कधी झाला नव्हता.
रात्री मोजला. परत मोजला.
झोप येईना.
खिडकीतून येणारा तो बारीक आवाज नव्हता.
सतरा महिन्यांत पहिल्यांदा
घरात कुणी नाही असं वाटलं.

तिसऱ्या पहाटे आधी नुसती हवा आली, खोकल्यासारखी,
मग तांबूस, मग गढूळ,
मग बराच वेळ काय रंग म्हणावा कळेना असं.
शाळेत निघालेली नाझेली थांबली.
"आजी, आधी तुम्ही प्या."
मी वाकले. इथे वाकल्याशिवाय पिताच येत नाही,
नाकात जातं, बाही भिजते.
गार. आणि मागून जरासं लोखंड,
संध्याकाळी त्याच्या हातांना यायचा
तोच वास.

हल्ली टपरी बंद करताना
उन्हात तापलेली एक बाटली मागे ठेवते.
झाकण फिरवते. कट्.
हा आवाज ऐकल्याशिवाय तो प्यायचा नाही.
मग त्याच्या नावावर ओतते,
तिरक्या अक्षरापासून सुरुवात करून.
सगळं त्याच जाळीतून खाली जातं,
त्याच त्याच्या पाइपांत.

रिकामी बाटली टाकत नाही.
उसळत्या पाण्याला तोंड लावून, तिरकी धरून,
हळूहळू भरते,
आणि घरी नेते.